माळ्यावरचे व्हिडिओ गेम ठेवायचे की देऊन टाकायचे? बडोद्यातल्या एका घराचं प्रकरण

हे प्रकरण दांडिया बाजारातल्या एका मराठी कुटुंबाचं आहे. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत आणि काही कौटुंबिक तपशील बदलले आहेत. निर्णय ज्या क्रमाने झाले त्याच क्रमाने सांगितले आहेत. जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तू दुरुस्त करणं हे माझं काम, आणि या घरात मी त्याच निमित्ताने गेलो.

अशा घरांत पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: "हे ठेवायचं का?" खरं तर आधी विचारायला हवं ते असं की, ठेवलं तर वर्षातून दोनदा काढून चालू कोण करणार? या प्रश्नाला उत्तर मिळालं की पुढचं बरंचसं सुटतं. या कुटुंबाला तो प्रश्न उशिरा पडला, आणि मधल्या काळात एक वस्तू हातची गेली.

पार्श्वभूमी

आई-बाबा सत्तरीच्या पुढचे. थोरला मुलगा, वहिनी आणि चौदा वर्षांचा नातू त्यांच्याबरोबर राहतात. ताई लग्न होऊन कारेलीबागेत, तळमजल्याच्या घरात. धाकटा कॅनडात. दांडिया बाजारातलं जुनं घर पाडून तिथे नवी इमारत व्हायची ठरली आणि कुटुंबाने मांजलपूरला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. 2024 च्या उन्हाळ्यात घर रिकामं करायला सुरुवात झाली. माळ्यावरून तांब्याचे हंडे उतरले, जुनी पंचांगं उतरली, आणि त्यांच्या मागून व्हिडिओ गेमची खोकी.

त्या खोक्यांत काय होतं ते सांगतो, कारण पुढचा सगळा वाद त्या त्या वस्तूच्या स्वभावावरून झाला.

सगळ्यात जुना होता फॅमिकॉमच्या नकलेचा टीव्ही गेम, 1993 च्या आसपास रावपुऱ्यातून घेतलेला. निन्टेन्डोने मूळ फॅमिकॉम जपानमध्ये 1983 साली आणला. आपल्याकडच्या बहुतेक घरांत तो मूळ डबा कधी आलाच नाही, आल्या त्या त्याच्या नकला. बरोबर पिवळ्या-काळ्या कॅसेटी, दोन रिमोट आणि बदकं मारायची बंदूक. दुसरा सेगाचा मेगा ड्राइव्ह, काकांनी मस्कतहून आणलेला, सहा मूळ कॅसेटींसकट. तिसरा पहिला प्लेस्टेशन, चिप मारलेला, म्हणजे कॉपी केलेल्या सीडीही चालाव्यात म्हणून आत जादा चिप बसवलेला, आणि तशा सीडींची जाडजूड पिशवी. चौथा प्लेस्टेशन 2, सडपातळ मॉडेल, दोन मेमरी कार्डं आणि काही मूळ डिस्क. पाचवा पीएसपी, सोनीचा हातात धरून खेळायचा गेम. शिवाय या सगळ्यांच्या खाली एक छोटा ब्रिक गेम, हातात धरून खेळायचा, ज्याकडे सुरुवातीला कुणी लक्षच दिलं नव्हतं.

अडचण

थोरल्याचं मत स्पष्ट होतं: फ्लॅटमध्ये जागा नाही, सगळं द्यावं. धाकट्याने फोनवर सांगितलं, "काही टाकू नका, मी आलो की बघतो." तो तीन वर्षांत आला नव्हता. वहिनी गप्प होत्या, पण खोकी त्यांच्याच खोलीत येणार हे उघड होतं. नातवाला विचारलं तर तो म्हणाला, "मोबाइलवर चालतात की हे सगळे." बाबांना भांडण नको होतं. म्हणून तोडगा निघाला तो असा: खोकी तूर्त ताईकडे ठेवायची.

त्याच सुमारास मुंबईच्या एका संग्राहकाचा निरोप आला. फोटो पाहून त्याने सगळ्या ढिगाला मिळून एक रक्कम सांगितली, साधारण एका साध्या मोबाइलच्या किमतीएवढी. अट एकच: सगळं द्या, नाहीतर काहीच नको. थोरल्याला ते पटलं, धाकट्याने नकार दिला, आणि विषय तिथेच थांबला.

ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्रीला पूर आला. नदीची धोक्याची पातळी 26 फूट. त्या आठवड्यात पाणी 35 फुटांच्या वर गेलं. कारेलीबागेत ताईच्या घरात पाणी शिरलं. ताईने आणि तिच्या मिस्टरांनी आधी सासूबाईंना वर शेजाऱ्यांकडे नेलं, मग कागदपत्रं, मग गादी-पांघरुणं. व्हिडिओ गेमची दोन खोकी कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती. त्यातल्या एकात मेगा ड्राइव्ह होता. त्या दिवशी त्या दोघांनी जे वाचवलं तेच वाचवायला हवं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मला बोलावणं आलं ते यानंतर.

पहिला निर्णय: चालू करून बघायचं नाही

पाणी ओसरल्यावर थोरल्याने मेगा ड्राइव्ह पुसून प्लग हातात घेतला होता. सुदैवाने ताईने थांबवलं. पुराचं पाणी म्हणजे गाळ, मीठ आणि गटार. ते सर्किट बोर्डावर वाळलं तरी त्याचा थर उरतो, ओल धरून ठेवतो, आणि वीज दिली की तांब्याच्या बारीक रेषा खायला लागतो. बोर्ड आधी उघडून स्वच्छ पाण्याने गाळ काढायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायचा आणि पूर्ण वाळवायचा. वीज त्यानंतर.

मी मेगा ड्राइव्ह उघडला तेव्हा पॉवरच्या भागाजवळ हिरवट गंज चढला होता आणि दोन चिपांचे पाय खाल्ले गेले होते. दुरुस्ती अशक्य नव्हती. पण लागणारा वेळ आणि सुटे भाग पाहता ती फक्त अशा माणसाने करावी ज्याला त्या कामातच आनंद आहे. कॅसेटी मात्र वाचल्या. त्यांचे बोर्ड लहान आणि साधे असतात. धुऊन, वाळवून सहाही पुढे दुसऱ्या यंत्रावर चालल्या.

या घटनेने घरातला सूर बदलला. "जपून ठेवलंय" म्हणजे नक्की काय, हे सगळ्यांना दिसलं. पूर नसता आला तरी माळ्यावर काही फार वेगळं घडत नव्हतं. बडोद्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखालचा माळा तापतो, पावसाळ्यात दमट होतो. कपॅसिटर कोरडे पडतात किंवा गळतात, सीडीच्या लेन्सवर बुरशी धरते, रबर चिकट होतं. पीएसपीची लिथियम बॅटरी तर फुगून मागचं झाकण उचलून बसली होती. ती घरात एक रात्रही ठेवण्यासारखी नव्हती.

दुसरा निर्णय: आधी तपासणी, मग मतं

मी एकच अट घातली: कुठली वस्तू चालते हे कळल्याशिवाय कुणी मत द्यायचं नाही. हे मुद्दाम केलं. बंद डब्याबद्दल माणसं आठवणींच्या जोरावर बोलतात. तोच डबा चालू झाला की लगेच कळतं, कुणाला खरंच खेळायचंय आणि कुणाला फक्त तो असायला हवाय.

सगळ्यात जास्त वेळ अडॅप्टरांनी खाल्ला. सगळे एकाच पिशवीत, एकावरही नाव नाही. इथे घाई केली तर यंत्र मरतं. मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलला 9 व्होल्ट लागतात आणि त्याच्या टोकात आतली बाजू ऋण असते. बाजारातल्या बहुतेक अडॅप्टरांत ती धन असते. प्लेस्टेशन 2 च्या सडपातळ मॉडेलचे 8.5 व्होल्ट, आणि तिथे आतली बाजू धन. टोक बसतंय म्हणून अडॅप्टर त्याचाच, असं धरून चालत नाही. प्रत्येक अडॅप्टर मीटरवर तपासला आणि चिकटपट्टीवर नाव लिहून लावला.

टीव्ही गेम जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर लागला. कॅसेटींच्या पिना काळवंडल्या होत्या. आपण लहानपणी फुंकर मारायचो. तिने कॅसेट चालल्यासारखी वाटते कारण ती काढून पुन्हा बसवली जाते, फुंकरीतली ओल मात्र पिना गंजवते. कापसाच्या काडीवर थोडं आयसोप्रोपिल घेऊन पुसल्या, आणि कॉन्ट्रा हा खेळ सुरू झाला. थोरला, जो "सगळं देऊन टाका" म्हणत होता, तो खाली बसला आणि उठला नाही.

बंदूक फक्त पिक्चर ट्यूबवर चालते. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतला सेन्सर तो उजेड शोधतो. फ्लॅट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येतं आणि ट्यूबसारखं रेषेरेषेने उमटत नाही, त्यामुळे बंदुकीला लक्ष्य दिसतच नाही. म्हणजे टीव्ही गेम आणि तो अवजड टीव्ही हे एकच प्रकरण होतं. एक ठेवून दुसरा भंगारात देण्यात अर्थ नव्हता.

पहिल्या प्लेस्टेशनची लेझर दमली होती. उलटा ठेवला की चालायचा, सरळ ठेवला की अडायचा; ज्यांच्याकडे तो होता त्यांना हे ओळखीचं असेल. प्लेस्टेशन 2 धडधाकट निघाला.

मेमरी कार्डाची गोष्ट

इथे मला थांबून लिहावंसं वाटतं, कारण सगळ्या प्रकरणातला कळीचा क्षण हा होता.

प्लेस्टेशन 2 चं मेमरी कार्ड 8 एमबीचं. आजच्या हिशेबात त्यात एक चांगला फोटोही धड मावणार नाही. त्या कार्डावर 2006 च्या शेवटी आलेल्या क्रिकेटच्या गेममधली दोघा भावांची एक अर्धवट स्पर्धा होती. संघांना त्यांनी गल्लीतल्या मुलांची नावं दिली होती. त्यातला एक मित्र पुढे अपघातात गेला. व्हिडिओ कॉलवर धाकट्याने पडद्यावर ते नाव पाहिलं आणि बराच वेळ कुणी बोललं नाही.

तेव्हा लक्षात आलं की धाकटा "काही टाकू नका" म्हणत होता ते यासाठी. त्याला स्वतःलाही ते सांगता आलं नव्हतं. प्लेस्टेशन 2 जगात 15 कोटींहून जास्त विकला गेला. तो पुन्हा मिळेल, आजही मिळतो. ते कार्ड मिळणार नाही. आणि कार्डाची नक्कल होते: यंत्राच्याच मेनूतून एका कार्डावरचा खेळ दुसऱ्यावर उतरवता येतो, काही मोजके खेळ सोडले तर. तो क्रिकेटचा खेळ उतरला. एक कार्ड थोरल्याकडे, एक धाकट्यासाठी. ज्या वादाने कुटुंबाचा उन्हाळा गेला होता तो त्या संध्याकाळी मिटला, कारण यंत्र आणि त्यातली आठवण वेगळी करता आली.

पीएसपीच्या मेमरी स्टिकवरही असंच काही निघालं: ताईच्या साखरपुड्याचे फोटो, जे दुसरीकडे कुठेच नव्हते. देण्याआधी आत काय आहे ते उघडून बघावं, एवढंच म्हणतो.

आईंना कुणी विचारलं नव्हतं

वस्तूंची यादी करताना मी प्रत्येक वस्तूसमोर "कुणाची" असा रकाना ठेवला होता. पोरांनी आपापली नावं भरली. ब्रिक गेमसमोर जागा रिकामी राहिली. आई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तो माझा आहे."

दुपारी मुलं शाळेत गेली की त्या खेळायच्या. टीव्ही गेमसुद्धा त्यांच्या भिशीच्या पैशांतून आला होता, हे बाबांनाही आठवत नव्हतं. त्यांना विचारलं, "आई, तुम्हाला काय ठेवावंसं वाटतं?" त्या म्हणाल्या, "ब्रिक गेम दुरुस्त करून द्या. टीव्ही गेम मात्र ज्याच्या घरात पोरं खेळतील त्याला द्या, कपाटात नको." ज्यांनी पैसे घातले त्यांचं मत असं असल्यावर दोघा भावांना बोलायला फारसं उरलं नाही. ब्रिक गेममधले सेल फुटून स्प्रिंगा गंजल्या होत्या. त्या बदलल्या आणि तो चालू झाला.

कोणते पर्याय तोलले

सगळं ठेवणं आता कुणीच म्हणत नव्हतं. संग्राहकाला सगळं एकगठ्ठा विकणं सोपं होतं, पण त्याच्या रकमेत त्याला हव्या होत्या त्या सेगाच्या कॅसेटी. बाकीचं त्याच्यासाठी ओझं होतं, ते कुठे गेलं असतं कोण जाणे.

संग्रहालयाचा विचार ताईने काढला. तिची मावसबहीण सयाजीराव विद्यापीठाच्या म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र, विभागात शिकलेली; तो विभाग 1952 पासूनचा आहे. तिने सरळ सांगितलं की वस्तू जुनी आहे एवढ्यावर संग्रहालय ती घेत नाही. तिची स्थिती, तिचा इतिहास, आणि ती सांभाळायची आपली ऐपत, हे तिन्ही पाहिलं जातं. पण तिने एक सवय दिली: प्रत्येक वस्तूबरोबर एक कार्ड. कधी घेतली, कुठून, कुणी पैसे दिले, कोण खेळलं, काय बिघडलंय. नातवाने ती कार्डं लिहिली. "मोबाइलवर चालतात की" म्हणणारा हाच मुलगा, आजीला प्रश्न विचारून विचारून टीव्ही गेमचं कार्ड दोन्ही बाजूंनी भरून आला.

माझं स्वतःचं मत इथे नोंदवतो. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 साली दाखवून दिलं की 2010 पूर्वी तिथे निघालेल्या खेळांपैकी 87 टक्के बाजारात कुठल्याही अधिकृत रूपात नव्याने विकत मिळत नाहीत. ती गत नोंदी असलेल्या, मूळ खेळांची. आपल्या गल्लीतल्या नकली यंत्रांची, अनेक खेळ एकत्र कोंबलेल्या कॅसेटींची, त्या भाड्याने देणाऱ्या दुकानांची नोंद तर कुणी ठेवलीच नाही. म्हणून या ढिगात नोंद करण्याच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा होता तो स्वस्तातला टीव्ही गेम, ज्याला संग्राहकाने हिशेबातही धरलं नव्हतं.

उरलेला पर्याय पस्तीवाल्याचा, म्हणजे रद्दी-भंगार घेणाऱ्याचा. तो मी ठामपणे नाकारला. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत आणि त्यांच्या यादीत व्हिडिओ गेम आणि हातातले गेम स्पष्ट लिहिलेले आहेत. फुगलेली बॅटरी पस्तीच्या गाडीत चेपली गेली तर पेट घेऊ शकते.

काय केलं

प्लेस्टेशन 2 मुलांच्या एका वसतिगृहाला द्यायचं ठरलं. पहिल्या भेटीत तिथल्या गृहपालांनी आभार मानून नकार दिला. कारणं रास्त होती: बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, कुठले खेळ आहेत, मुलांमध्ये भांडणं झाली तर. दुसऱ्यांदा थोरला गेला तो तयारीने. फक्त मूळ डिस्क, त्यातही क्रिकेट, फुटबॉल आणि गाड्यांच्या शर्यती. दोन रिमोट. अडचण निघाली ती त्यांच्या टीव्हीत: पिवळ्या-पांढऱ्या-लाल जॅकांऐवजी एकच बारीक 3.5 मिमीचं भोक. तशी केबल मिळते, पण तिच्या टोकातल्या जोडण्यांचा क्रम कंपनीगणिक वेगळा. चुकीची लावली तर चित्राच्या जागी आवाज जातो. मी त्या टीव्हीपुरती केबल बनवून दिली आणि वर्षभराची दुरुस्ती माझ्याकडे घेतली. मग त्यांनी होकार दिला.

टीव्ही गेम, बंदूक आणि पिक्चर ट्यूबचा टीव्ही कलाभवनात, म्हणजे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, शिकलेल्या एका तरुण इंजिनिअरकडे गेला, जो शनिवारी सोसायटीतल्या मुलांना जुने खेळ खेळू देतो. मेगा ड्राइव्हचा गंजलेला बोर्डही त्यालाच दिला. सेगाच्या कॅसेटी भावांनी शहरातल्याच एका शौकिनाला विकल्या आणि ते पैसे ताईच्या घराच्या डागडुजीला दिले. ताईने आधी नको म्हटलं, मग घेतले.

कॉपी केलेल्या सीडी कुणालाही दिल्या नाहीत. चोरीचा माल दानात चालत नाही, आणि त्या तशाही बहुतेक वाचता येत नव्हत्या. त्या, पीएसपीची बॅटरी आणि मेलेले अडॅप्टर अधिकृत संकलकाकडे गेले. बॅटरी काढलेला पीएसपी ताईकडे आहे.

निष्पत्ती

2025 च्या उन्हाळ्यात मी वसतिगृहात जाऊन आलो. रविवारी दोन तास खेळ चालतो, पाळीचा कागद भिंतीवर आहे. एका रिमोटची काडी तुटली होती, बदलून दिली. इंजिनिअरचा मेगा ड्राइव्ह अजून चालू झालेला नाही. फ्लॅटमध्ये या सगळ्यापैकी उरलं ते एका चपलांच्या खोक्यात मावतं: मेमरी कार्ड, नातवाने लिहिलेल्या कार्डांच्या फोटोप्रती, आणि आईंच्या उशाशी ब्रिक गेम.

काय वेगळं करता आलं असतं

खोकी ताईकडे हलवायच्या आधी एक संध्याकाळ तपासणीला दिली असती, तर मेगा ड्राइव्ह चालू अवस्थेत कुणाच्या तरी घरी गेला असता. तळमजल्यावर ठेवायचंच होतं तर निदान वरच्या कप्प्यात. बडोद्यात विश्वामित्रीच्या बाजूला राहणाऱ्यांना हे सांगावं लागू नये, पण तात्पुरतं ठेवलेल्या सामानाकडे कुणाचं लक्ष नसतं.

धाकट्याला "ठेवू की देऊ?" असं विचारण्याऐवजी "यातलं कोणतं तू बॅगेत घालून नेशील?" असं विचारायला हवं होतं. दिवाळीत तो आला तेव्हा थोरल्याने तसं विचारलं, आणि त्याने मेमरी कार्ड घेतलं, बाकी कशालाही हात लावला नाही.

आईंना सगळ्यात आधी विचारायला हवं होतं. घरात आलेली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी पैशांतून आणि कुणाच्या तरी परवानगीने येते. मुलांच्या वस्तूंच्या बाबतीत ते माणूस बहुधा आई असते.

वसतिगृहाला पहिल्याच भेटीत केबल आणि दुरुस्तीची हमी घेऊन जायला हवं होतं. चालू न होणारं दान घेणाऱ्याच्या डोक्यावर काम टाकतं.

पहिल्या प्लेस्टेशनचा निर्णय मात्र अजून झालेला नाही. धाकट्याला लेझर बदलून हवी आहे, थोरल्याला तो खर्च पटत नाही. कागदावर लिहून ठेवलंय: येत्या दिवाळीपर्यंत धाकट्याने लेझरचे पैसे पाठवले तर दुरुस्त करून त्याच्याकडे, नाहीतर सुट्या भागांसाठी इंजिनिअरकडे. तोवर तो माझ्या टेबलावर आहे.